आणखी चार दिवस घाला

कपडे पुरेसे मळले नाहीत म्हणून परत पाठवणारा धोबी मी आयुष्यात एकच पाहिला. निलंग्यात त्यांची लाँड्री होती आणि सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. समोरचे अडतवाले त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे होते, तेसुद्धा चाचाच म्हणायचे. चाचांना त्यात काही वावगं वाटत नसे. "उमर त्यांची, रिश्ता माजा," एवढंच ते म्हणायचे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे शिबिरातल्या बेचाळीस जणांच्या कपड्यांची चार गाठोडी होती. चाचांनी पहिलं गाठोडं सोडलं, वरचाच सदरा उचलला, उजेडात धरला, कॉलर उलटी करून पाहिली आणि मला विचारलं,

"ह्ये कुनाचं?"

"आमच्यातल्या एका मुलाचं."

"काय करतो त्यो?"

"बांधाची मोजमापं घेतो."

"उन्हात?"

मी खरं ते सांगितलं. "छत्री असते."

चाचांनी सदऱ्याची घडी केली आणि तो माझ्या हातात परत दिला. "आनखी चार दिवस घाला म्हनावं."

त्या दिवशी चार गाठोड्यांतलं दीड गाठोडं मी तसंच परत नेलं.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. कोल्हापूरची. आमच्या माडीवरून नदी दिसायची, आणि पाणी हा विचार करण्याचा विषय आहे हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात मराठवाड्यातल्या दुष्काळावर एक भाषण ऐकलं, त्या भरात नाव दिलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत निलंग्यापासून दीड कोसावरच्या एका गावात येऊन पोचले. गावच्या शाळेत आमचा मुक्काम. नाल्यावर आम्ही मातीचा बांध घालणार होतो. पहिल्या बैठकीत शिबिरप्रमुख सरांनी कामं वाटली. मुलांना खोदाई, दगड आणि मोजमाप. मुलींना माती वाहणं, आणि त्याशिवाय स्वयंपाक, आजारी माणसं व धुणं. धुणं माझ्या वाट्याला आलं. गावात प्यायला पाणी नाही, तिथं आपण धुणं करायचं नाही, असा सरांचा नियम होता आणि तो योग्य होता. म्हणून आठवड्यातून एकदा गाठोडी बैलगाडीत टाकायची आणि निलंग्याला लाँड्रीत नेऊन द्यायची, असं ठरलं. त्या लाँड्रीत चाचा असतील हे नियोजनात नव्हतं.

जिल्हा नवा झाला होता. लातूरला कचेऱ्या मांडल्या जात होत्या आणि निलंग्यातल्या दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहिण्याचं काम एक पेंटर महिनोन् महिने करत होता. तेरणा नदी कोरडी पडली होती. दुष्काळ बघायला, मोजायला आणि हटवायला बाहेरगावची माणसं येत होती. आमच्यासारखी आणखी तीन शिबिरं तालुक्यात होती, आणि बाजारपेठेनं आमची दखल घेतली होती. किराणावाल्यानं टूथब्रश आणून टांगले. मेडिकलवाल्यानं हाताच्या फोडांवरचं मलम काचेच्या कपाटात पुढे मांडलं. फोटो स्टुडिओत एक नवी कुदळ आणि एक घमेलं आलं. घरी पाठवायच्या फोटोत हातात धरायला. एसटी स्टँडासमोरच्या हॉटेलवाल्यानं आमच्यासाठी म्हणून पोहे सुरू केले. आम्ही तिथं जायचो ते चुरमुऱ्यांची सुशीला खायला, जी आमच्याकडे मिळत नाही. तो शेवटपर्यंत पोहे करत राहिला आणि दुपारी स्वतः खात राहिला.

चाचांनी आमच्यासाठी काहीही बदललं नाही. जिल्ह्यासाठीही नाही. त्यांच्या पाटीवर उस्मानाबाद तसंच होतं. पेंटर दोनदा येऊन गेला. "पानी कोन्त्या जिल्ह्यातनं येतंय त्ये आधी कळू दे," चाचा म्हणाले, "मंग लिहू."

त्यांचं स्वतःचं पाणी मागच्या आडातून यायचं. दुष्काळात त्या आडात दिवसाला चौदा घागरी पाणी साचायचं, मचूळ. ते पाणी कुठून कुठं जातं हे चाचांनी मला एकदा समोर बसवून पाढे शिकवावेत तसं शिकवलं. पहिल्या पाण्यात पांढरे कपडे. त्याच पाण्यात फिके रंगीत. त्यातच मग गडद. मग पँटी. मग बैलांच्या झुली आणि हमालांची पोती. पोत्यांचं पाणी आडाशेजारच्या लिंबाच्या झाडाला, आणि त्या झाडाची लिंबं चाचीकडे लोणच्याला. चाची म्हणायची, लोणच्याला साबणाचा वास येतो. चाचा म्हणायचे, साफ हाय म्हनून येतो.

धोबी कपड्यांवर बिब्ब्याची खूण करतात. ती कितीही धुतली तरी जात नाही. बाकीचे धोबी ठिपके आणि रेघा काढतात. चाचा चित्र काढायचे, माणसाकडे एकदा नीट बघून. मोजमापवाल्या मुलाला छत्री मिळाली. मला त्यांनी विचारलं, "गावाला नदी हाय?" आहे म्हटलं. "बारमाही?" हो म्हटलं. मला मासा मिळाला. सर पहिल्या आठवड्यात एकदा लाँड्री कशी आहे ते पाहायला आले होते. पाच मिनिटं बसले आणि गेले. त्यांच्या कपड्यांवर पुढच्या खेपेला एक छोटी खुर्ची उमटली. सरांना ते इंग्रजीतलं एच अक्षर वाटलं. त्याचा त्यांच्या नावाशी काही संबंध नव्हता, त्यामुळे ते जरा गोंधळले.

मळ दोन तऱ्हेचा असतो, असं चाचांचं म्हणणं होतं. एक केल्याचा आणि एक बसल्याचा. केल्याचा मळ गुडघ्याला, पाठीला आणि काखेत असतो. बसल्याचा कॉलरला आणि कोपराला. केल्याच्या मळाचा कपडा ते लगेच ठेवून घेत. बसल्याचा बहुधा परत यायचा. बँकेतले एक साहेब यावर त्यांच्याशी भांडले. चाचांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, झटकून घाला. तुमचं कापड चांगलं हाय, पान्यानं इनाकारन झिजल."

एकदा त्यांनी आमच्यातल्या एका मुलाच्या सदऱ्याची उजवी बाही मला दाखवली. मनगटाजवळ मिठाचे पांढरे पट्टे होते; बाकी सदरा जवळजवळ कोरा. "ह्यो पोरगा रडून ऱ्हायला रोज," चाचा म्हणाले. मी म्हटलं, तो तर सगळ्यांत जास्त हसवतो आम्हाला. चाचांनी खांदे उडवले. मी दोन दिवस लक्ष ठेवलं. संध्याकाळी तो पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसायचा. त्याची आई आजारी होती आणि शिबिर अर्धवट सोडलं तर लोक काय म्हणतील म्हणून तो थांबला होता. त्याला दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं घरी पाठवलं. मी चाचांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग त्याचा सदरा न्हेला का त्यानं? वाळत हुता."

आता पाहुण्यांचं सांगते.

शिबिराच्या पाचव्या आठवड्यात मोठे पाहुणे येणार असं ठरलं. ते कोण हे सांगण्यात आता अर्थ नाही. येईपर्यंत तेही दोनदा बदलले होते. सर कामाला लागले. सर वाईट माणूस नव्हते, हे मला इथंच सांगितलं पाहिजे. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे, शेवटचा माणूस जेवल्याशिवाय जेवायचे नाहीत, आणि बांधाचा प्रत्येक दगड त्यांच्या वहीत होता. फक्त ते वहीतून बाहेर येत नसत. त्यांचे कपडे पांढरेशुभ्र असायचे आणि संध्याकाळीही तसेच असायचे.

"एक्केचाळीस जण एका रांगेत, स्वच्छ गणवेशात," सर म्हणाले. गणवेश म्हणजे पांढरा सदरा. पाच आठवडे काळ्या मातीत घातलेला. चाचांच्या चौदा घागरींत ते दोन दिवसांत होणार नव्हतं, आणि हे सरांनीही ओळखलं होतं. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "टँकरची व्यवस्था झाली आहे. उद्या सकाळी तो लाँड्रीवर रिकामा होईल. तू सदरे घेऊन हजर राहा." मला अभिमान वाटला. आमच्या सरांच्या ओळखी कुठवर आहेत, असं वाटलं. टँकर कुठला हे मी विचारलं नाही. तो प्रश्नच मला पडला नाही.

सकाळी टँकर लाँड्रीच्या बोळात मागे मागे येत उभा राहिला. चाचा कोळशाची इस्त्री हातात घेऊनच बाहेर आले.

"कुनाचं पानी ह्ये?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"तुमचंच की, चाचा. चिठ्ठी हाय."

"चिठ्ठी ऱ्हाऊ दे. काल कुनाचं हुतं?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिबिराच्या गावचं. नाल्यापल्याडच्या वस्तीचं. आज त्यांची पाळी हाय. पर तहसीलचे साहेब म्हनले, एक डाव हिकडं वत."

नाल्यापल्याड बौद्ध वस्ती होती, तीसेक घरांची. गावच्या आडात टँकर रोज पडायचा. वस्तीच्या टाकीत दोन दिवसांआड. मी बांधावरून ती घरं रोज पाहत होते.

"दाव चिठ्ठी," चाचा म्हणाले.

ड्रायव्हरनं दिली. चाचांनी ती आत नेऊन टेबलावर पसरली, हातानं सारखी केली आणि तिच्यावर इस्त्री ठेवली. जराशी जास्त वेळ ठेवली. मग तपकिरी झालेला कागद ड्रायव्हरच्या हातात दिला. "काय लिवलंय वाच."

"काय दिसत न्हाई, चाचा."

"मंग रोजच्यावानी चल."

ड्रायव्हर कानडी मुलखातला होता. तो कानडीत स्वतःशी काहीतरी बोलला. मी पुढे झाले. "चाचा, सरांनी सांगितलंय."

"सरांनी कपड्याचं सांगितलं. पान्याचं मला कुनी सांगितलं न्हाई." ते केबिनमध्ये चढून बसले. "चल बेटी. कपडे कुटं पळून जात न्हाईत."

मी गेले. का गेले हे मला आजही नीट सांगता येत नाही. धुणं माझ्याकडे होतं आणि पाणी चाललं होतं, म्हणून गेले असेन.

वस्तीच्या टाकीपुढे हंडे, घागरी, तेलाचे डबे यांची रांग नाल्याच्या काठापर्यंत आली होती. प्रत्येक भांड्यावर खडूनं आकडा घातलेला होता. ते आकडे घालणाऱ्या बालवाडीच्या बाई टाकीशी उभ्या होत्या. वस्तीतच राहायच्या, कडक इस्त्रीचं सुती पातळ आणि हातात खडू. टँकर थांबताच त्यांनी घड्याळ पाहिलं.

"सातची गाडी साडेअकराला," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. मग केबिनमधून उतरणाऱ्या चाचांना पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, पण आवाजात ते आलं नाही. "कुठं हुता एवढा वेळ?"

"लाँड्रीत," चाचा म्हणाले.

बाईंना ते कळलं नाही आणि चाचांनी ते कळवलं नाही. कुणी आभार मानले नाहीत, कारण त्यांचं पाणी त्यांच्याकडे उशिरा आलं होतं, बाकी काही घडलं नव्हतं. रांग पुढे सरकायला लागली. ऊन फार होतं. बाईंनी घरातून दोन पेले पाणी आणलं. चाचांनी एक घेतला, प्याले आणि पेला पालथा घालून ठेवला. दुसरा माझ्यापुढे आला आणि मी म्हटलं, "नको."

पाणी वाचावं म्हणून नको म्हटलं, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नव्हतं. तोंडातून 'नको' आपोआप आलं, आणि ते कुठून आलं हे तिथल्या तिघांनाही कळलं. बाईंचा हात तसाच राहिला. त्या रागावल्या नाहीत. "शिबिरातल्या ना तुमी?" त्यांनी विचारलं. "सव्वा महिना झाला. हिकडं कदी दिसला न्हाईत."

"काम तिकडे होतं. नाल्यावर."

"नाला हिकडनं बी दिसतो," बाई म्हणाल्या.

मी पेला घेतला आणि सगळं पाणी प्याले. चाचा त्या वेळी टँकरच्या चाकाकडे बघत होते.

परत आल्यावर त्यांनी एक्केचाळीस सदरे उन्हात वाळत घातले, काठीनं झोडपून माती उडवली आणि इस्त्री करायला घेतली. धुतले नाहीतच. मी विचारलं, हे असे न्यायचे? "गनवेश पायजे म्हनले, गनवेश हाय," चाचा म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते मान वर न करता इस्त्री करत राहिले. बांधाची काळी माती, घामाचे पांढरे नकाशे, वरणाचे पिवळे ठिपके, सगळं जागच्या जागी राहिलं, आणि त्यावर अशी इस्त्री की बाहीच्या घडीनं भाजी चिरावी. सरांचे कपडे मुळातच स्वच्छ होते. तेही इस्त्री होऊन आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो. आदल्या रात्री गाठोडी उघडल्यावर सरांचा चेहरा काय झाला होता ते मी सांगत नाही. पाहुणे रांगेपुढून चालत आले, मध्येच थांबले, एका मुलाच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली आणि मागच्या मंडळींना म्हणाले, "ह्याला म्हणतात श्रमदान. बघा. कपडे बदलायलासुद्धा वेळ मिळाला नाही पोरांना." मग ते रांगेच्या टोकाला सरांपाशी आले, त्यांच्या कपड्यांकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "आपण कचेरीकडून का?"

संध्याकाळी सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. "हे कसं झालं?"

"चाचांनी ऐकलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं."

"आणि टँकर?"

"ते घेऊन गेले वस्तीवर."

सगळी वाक्यं खरी होती. केबिनमध्ये मीही होते एवढंच मी सांगितलं नाही. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी लाँड्रीत गेले तेव्हा मागची दोरी रिकामी होती. तिच्यावर नेहमी सरकारी विश्रामगृहाच्या चादरी, अभ्रे आणि पडदे असायचे. दुष्काळात लोक कपडे घरीच झटकून घालत होते. चाचांचं कायमचं काम उरलं होतं ते एवढंच. चाचीनं हळूच सांगितलं, "चादरी बंद झाल्या. लातूरला जायलेत आता." कुणीतरी कुणाला तरी बोललं होतं. चाचांनी माझं गाठोडं सोडलं, कॉलरी पाहिल्या, सात सदरे परत दिले. बाकी काही बोलले नाहीत.

त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच झालं. मी गाडीपर्यंत गेले आणि परत आले.

"चाचा, सरांना तुमचं नाव मी सांगितलं होतं."

"म्हाईत हाय." इस्त्री थांबली नाही.

"कसं?"

"सर सोता आले हुते. म्हनले, पोरगी म्हनती तुमी ऐकलं न्हाई. मी म्हनलो, खरं हाय, न्हाई ऐकलं."

"मग मला काही बोलला का नाहीत?"

"तू कपडे घेऊन आलीस. मी कपड्याचं बोललो."

चाचांनी आणखी दोन सदरे केले. तिसरा अंथरताना म्हणाले, "हितं बोलून माज्या चादरी येत न्हाईत, आन् तुजं बी काय जात न्हाई. जितं बोललीस तितंच जाऊन बोल."

शाळेच्या ओसरीवर रोज संध्याकाळी आमची बैठक व्हायची. त्या संध्याकाळी 'इतर विषय' म्हटल्यावर मी उभी राहिले. टँकर वस्तीचा होता, तो आपण आपल्या कपड्यांसाठी घेतला होता, चाचा तो परत घेऊन गेले तेव्हा मी त्यांच्याबरोबर केबिनमध्ये होते आणि हे मी आधी सांगितलं नाही, असं सगळं सांगितलं. ओसरीच्या खांबाला धरलं होतं. आता मला घरी पाठवतील, अशी माझी खात्री होती. सामान मी दुपारीच बांधून ठेवलं होतं.

सरांनी घड्याळ पाहिलं. "नोंद घेतली," ते म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. तो भाजीचा होता. रोज वांगी नकोत, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी वस्तीची पाळी होती. मला कुणी पाठवलं नव्हतं, पण मी सकाळी नाला ओलांडून गेले. टँकर आधीच आला होता. त्याच्या पाईपला जोडाशी चीर होती आणि तिथून पाण्याची पिचकारी उडत होती. ती चीर दोन्ही हातांनी आवळून धरून, चिखलात गुडघे टेकून सर बसले होते. पांढरा सदरा पोटापर्यंत काळा झाला होता.

"सर, डावीकडं दाबा," बालवाडीच्या बाई वरून सांगत होत्या. "डावीकडं म्हनते ना मी."

सर डावीकडे दाबत होते. मला पाहून ते म्हणाले, "पाईप गळका आहे. इतके दिवस याची नोंदच नव्हती." मी शेजारी बसले आणि पाईप खालून धरला. मागून आणखी चौघं-पाचजण आले. शेवटची घागर भरेपर्यंत तासभर गेला.

त्या आठवड्यात बैलगाडीत माझ्याबरोबर सरही बसले. लाँड्रीत त्यांनी आपले कपडे स्वतः पुढे केले. चाचांनी ते उजेडात धरले. पाठ पाहिली, गुडघे पाहिले, मग आतल्या ढिगावर टाकले.

"विश्रामगृहाच्या चादरींचं," सर म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी. चूक माझी होती."

"आत्ता नका बोलू."

"का?"

"लई पानी पित्यात त्या," चाचा म्हणाले. "एका चादरीत तुमचे धा सदरे निगत्यात. आडात पानी न्हाई. पाऊस पडला की बोला." मग त्यांनी चाचीला हाक मारली आणि तीन कप चहा सांगितला.

बांध पुरा झाला आणि पाऊस यायच्या आत आम्ही आपापल्या गावी गेलो. सर श्रावणात एकटेच एसटीनं निलंग्याला गेले आणि चादरींचं बोलले. हे मला सरांनी कधी सांगितलं नाही. दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरला एक पोस्टकार्ड आलं. अक्षर कुणा शाळेतल्या मुलाकडून लिहून घेतल्यासारखं होतं, पण सांगणारा कोण ते लगेच कळत होतं. चाचीचा सलाम होता, सर श्रावणात येऊन बोलून गेले असं होतं, बालवाडीच्या बाई बऱ्या आहेत असं होतं, आणि खाली लिहिलं होतं: 'पाऊस झाला. चादरी आल्या. लई मळल्या हायत.'